गोंडी क्रियापदाचे प्रत्यय



वैनगंगा ओलांडून धानोऱ्याच्या वाटेस लागलें, कीं बाजारच्या गाडींत एक निराळी भाषा कानांवर येऊं लागते. तिच्यांतील बाजार, पैसा, साहेब, दवाखाना, कागद हे शब्द आपल्या ओळखीचे असतात. परंतु बाजार भरला कीं मोडला, साहेब आला कीं यावयाचा आहे, कागद दिला कीं दिलाच नाहीं, हें मात्र आपल्याला उमगत नाहीं; कारण हा सारा मजकूर क्रियापदांत असतो, आणि क्रियापद गोंडी असतें. नामें शेजाऱ्याकडून उसनीं घेतां येतात. क्रियापदाची घडण भाषा सहसा कोणाकडून उसनी घेत नाहीं.

आजच्या भाषणांत या गोंडी क्रियापदाच्या शेवटीं जे प्रत्यय लागतात, त्यांचा थोडा परिचय करून देण्याचा विचार आहे. विषय व्याकरणाचा म्हटल्यावर पुष्कळांचा हात यंत्राच्या कळीकडे जाईल, हें मी जाणून आहें. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हा विषय केवळ पंडितांचा नाहीं. पहिल्या इयत्तेंत बसलेलें मूल, दवाखान्याच्या दारांत उभी असलेली बाई आणि कचेरींत जबाब देणारा म्हातारा, या तिघांचें बरेंच कांहीं या एक-दोन अक्षरांच्या प्रत्ययांवर अवलंबून असतें.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. गोंडी ही मराठीची किंवा हिंदीची मोडकी बोली आहे, तिला व्याकरण असें कांहीं नाहीं, असें चांगलीं शिकलेलीं माणसें म्हणतात. वस्तुस्थिति अशी आहे, कीं गोंडी ही द्राविड कुळांतील भाषा आहे. तेलुगु तिची जवळची नातलग; ओडिशाच्या डोंगरांतील कुई आणि कुवी या तर तिच्या सख्ख्या बहिणीच. मराठीशीं तिचा शेजार शेंकडों वर्षांचा आहे, पण रक्ताचें नातें नाहीं. २०११ च्या शिरगणतींत सुमारे ३० लाख लोकांनीं गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली. तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत तिला अद्याप स्थान नाहीं.

आणि व्याकरण म्हणाल, तर तें इतकें भरगच्च आहे, कीं १८५६ सालीं द्राविड भाषांचें तौलनिक व्याकरण लिहिणाऱ्या कॉल्डवेलसाहेबांनाही गोंडी क्रियापदाचा पसारा तमिळपेक्षां मोठा दिसला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं जमविलेले गोंडांविषयींचे कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ सालीं रिचर्ड टेंपल यांनीं छापून काढले. पुढें विल्यमसन यांचें व्याकरण १८९० सालीं, ट्रेंच यांचें १९१९ सालीं, माडियांच्या बोलीचें मिचेल यांचें १९४२ सालीं आणि पी. एस. सुब्रह्मण्यम् यांचें १९६८ सालीं निघालें. हीं पुस्तकें इंग्रजींत आहेत, आणि रानांतल्या प्राथमिक शिक्षकाच्या हातीं त्यांतलें एकही पडत नाहीं. ज्याला त्यांची खरी गरज, तोच त्यांच्यापासून सर्वांत दूर आहे.

आतां प्रत्यय म्हणजे काय, तें आपल्याच भाषेवरून पाहूं. 'कर' हा धातु घ्या. मी करतों, तूं करतोस, ते करतात. येथें मी, तूं, ते हे शब्द गाळले, तरी कोण करतो हें शेवटावरून कळतें. म्हणजे क्रियापदाच्या शेवटीं कर्त्याची एक खूण बांधलेली असते. ही खूण शेवटींच बांधली पाहिजे, असा मात्र निसर्गाचा नियम नाहीं. आफ्रिकेच्या दक्षिणार्धांत बांटू नांवाचें मोठें भाषाकुल पसरलेलें आहे. हें नांव गेल्याच्या मागील शतकांत ब्लीक नांवाच्या जर्मन पंडितानें रूढ केलें. 'न्टु' म्हणजे माणूस आणि 'बा' ही अनेकवचनाची खूण, म्हणून बांटू म्हणजे माणसें. नांवांतच पाहा, खूण आधीं आणि शब्द मागून! त्या कुळांतील स्वाहिली भाषेंत 'सोमा' म्हणजे वाचणें. 'नितासोमा' म्हणजे मी वाचीन, 'आतासोमा' म्हणजे तो वाचील, 'निलिसोमा' म्हणजे मीं वाचलें. 'नि' ही मीची खूण, 'आ' ही त्याची, 'ता' भविष्याची, 'लि' भूतकाळाची. आणि धातु बिचारा सर्वांच्या शेवटीं. 'हातासोमा' म्हटलें, कीं तो वाचणार नाहीं. नकारही आरंभींच येऊन बसला. 'निताकुपेंडा' या एका शब्दांत 'मी तुझ्यावर प्रेम करीन' हें सबंध वाक्य मावतें.

गोंडींत हीच माळ उलट बाजूनें ओवलेली आहे. धातु आरंभीं, त्याच्यामागें काळाचा मणी, आणि टोंकाला कर्त्याचा.

'वा' म्हणजे येणें. 'त' हा भूतकाळाचा मणी. नन्ना वातान, म्हणजे मी आलों. इम्मा वाती, तूं आलास. ओर वातोर, तो आला. अद वाता, ती आली. अनेकवचनांत वातोम म्हणजे आम्ही आलों, वातीट म्हणजे तुम्ही आलां, आणि ओर्क वातोर्क म्हणजे ते आले. सर्वांत 'वा' तोच, 'त' तोच. बदलतात ते फक्त शेवट: आन, ई, ओर, आ, ओम, ईट, ओर्क. एवढे सात शेवट कानांत बसले, कीं 'की' म्हणजे करणें, या धातूचीं रूपें कोणीं न शिकवितां ओळखतां येतात: कीतान, कीती, कीतोर, कीता. गोंडींतही कांहीं धातु वांकडे आहेतच. 'हंदाना' म्हणजे जाणें, त्याचा 'तो गेला' हा 'हत्तोर' होतो. पण टोंकाचा 'ओर' तेथेंही आपली जागा सोडीत नाहीं. आणि वांकडेपणाविषयीं आपण न बोललेलें बरें. येणें-आला, जाणें-गेला, करणें-केला, अशी आपल्या अगदीं रोजच्या धातूंचीच मोडतोड मराठी करते.

येथें एक सूचना देऊन ठेवतों. गोंडीचे स्वर गांवोगांवीं थोडे फिरतात. मंडल्याकडे एक स्वर, आदिलाबादेकडे दुसरा. कोठें 'वातोर', तर कोठें 'वातूर'. मी जीं रूपें देत आहें, तीं आपल्या गांवीं किंचित् निराळीं ऐकूं आलीं, तर त्यांत आश्चर्य नाहीं. मण्यांचा क्रम सर्वत्र तोच असतो, आणि आपल्याला आज तो क्रमच पाहावयाचा आहे.

आतां 'वातोर' आणि 'वाता' या दोन रूपांपाशीं जरा थांबूं. कारण शाळेंत जो घोंटाळा होतो, त्याचें मूळ येथें आहे. वातोर म्हणजे तो आला, पण हा 'तो' कोण? फक्त मनुष्यजातीचा पुरुष. बाप, भाऊ, मास्तर, पाटील हे 'वातोर'. बाकी सारें जग 'वाता'. आई आली, ती वाता. 'कोंदा' म्हणजे बैल. पण बैल असला तरी कोंदा वाता. 'पीर' म्हणजे पाऊस. पाऊस आला, पीर वाता. गाय, वाघ, वारा, ताप, बाजाराची गाडी, सर्वांना हाच एक शेवट. मराठींत बैल आला, आई आली, वादळ आलें, अशा तीन वाटा फुटतात. गोंडींत दोनच वाटा आहेत. अनेकवचनांतही हीच वांटणी कायम राहते: पुरुष अनेक असले तर 'वातोर्क', आणि बायका, बैल किंवा ढग अनेक असले, तर शेवट नाकांत जातो, 'वातां' किंवा 'वातांग' असा. तेलुगूंत एकवचनीं अशीच वांटणी आहे, परंतु अनेकवचनांत तेथें बायका पुरुषांच्या पंक्तीस येऊन बसतात. गोंडीनें तेवढी सवलत दिलेली नाहीं.

यावरून गोंड समाज स्त्रीला बैलाच्या दावणीस बांधतो, असें अनुमान काढणारे विद्वान भेटतात. त्यांना एवढेंच विचारावें, कीं आपल्याकडील जुने गृहस्थ आपल्या पत्नीस 'आमचें कुटुंब' असें नपुंसकलिंगांत म्हणत, तेव्हां तिचें स्त्रीत्व कोठें जात होतें? व्याकरणाचें लिंग आणि संसारांतला मान यांचा संबंध इतका सरळ नसतो. मुलींना गोटुलांत आणि बाईला बाजारहाटांत गोंड समाजानें जी मोकळीक पूर्वींपासून दिली, ती त्या अनुमानांत बसत नाहीं.

अशा घरचें मूल पहिल्या इयत्तेंत येतें. त्याच्या मनांत दोन कप्पे आहेत, आणि मराठी त्याच्याकडे तीन मागते. बरें, ते तीन कप्पे वस्तूकडे पाहून भरतां येतात, असेंही नाहीं. दगड तो कां, भिंत ती कां आणि झाड तें कां, याचें उत्तर कोणत्याही गुरुजींजवळ नाहीं. मग एखादें मूल 'बाबा आला' हें बरोबर म्हणतें, आणि त्यापुढें 'आई आली, बैल आली, पाऊस आली' अशी सरळ रांग लावतें. वर्ग हंसतो. पण नीट पाहिलें, तर या रांगेंत गोंधळ मुळींच नाहीं. पुरुषमाणसाला एक शेवट आणि उरलेल्या सर्वांना दुसरा, हा आपल्या घरचा नियम त्यानें काटेकोरपणें पाळला आहे. फक्त शेवट मराठी घातले आहेत. ज्या मुलाची चूक नियमानें होते, त्याला नियम शिकवितां येतो. तें मंद आहे असें ठरविलें, म्हणजे शिकविण्याचें काम संपलें, आणि बहुधा त्याची शाळाही संपली. रानांतल्या शाळांतून दुसरी-तिसरीनंतर जीं मुलें दिसेनाशीं होतात, त्यांच्या मागें दारिद्र्य आणि अंतर हीं कारणें असतातच. परंतु रोजचें हें हंसें त्यांच्या जोडीला उभें असतें, हें मीं पुष्कळ वर्षें पाहिलें आहे.

दुसरा घोंटाळा 'नें' या प्रत्ययाचा. मीं भाकर खाल्ली, मीं आंबा खाल्ला, मीं फळ खाल्लें. खाणारा मी एकटाच. पण मराठी क्रियापद मला सोडून खाल्लेल्या वस्तूच्या मागें जातें. याचें कारण समजावून सांगावयाचें, तर संस्कृतापर्यंत मागें जावें लागेल, आणि पहिलींतलें मूल तितका वेळ बसत नाहीं. गोंडींत 'तिन' म्हणजे खाणें. 'तित्तान' म्हणजे मीं खाल्लें. भाकर असो, आंबा असो, कंद असो, 'तित्तान' बदलत नाहीं, कारण टोंकाचा 'आन' हा खाणाऱ्याचा आहे, खाद्याचा नव्हे. म्हणून गोंडी मूल 'मी भाकर खाल्लो' असें म्हणतें. मौज अशी, कीं चंद्रपूर-गडचिरोलीपासून भंडाऱ्यापर्यंतच्या झाडीपट्टींत ज्यांच्या घरांत गोंडीचा गंधही नाहीं, असे मराठी शेतकरीही 'मी काम केलो', 'मी पानी पेलो' असेंच बोलतात. हा गोंडीच्या शेजाराचा परिणाम, कीं तेलुगूचा, कीं छत्तीसगढीचा, यावर पंडितांनीं खुशाल वाद घालावा. एवढें खरें, कीं पाठ्यपुस्तकांतला हा नियम येथें दोन्ही घरांना परका आहे.

आतां भविष्यकाळाकडे वळूं. त्याचा मणी 'क'. कीका म्हणजे मी करीन, कीकी म्हणजे तूं करशील. तृतीय पुरुषांत 'क'च्या जागीं 'न' येतो, 'तो करील' हें 'कीआनूर' असें होतें. तेथें आपण थांबूं नये. थांबावयाचें तें 'आम्ही'च्या रूपापाशीं. हीं रूपें दोन आहेत: 'कीकोम' आणि 'कीकाट'. कीकोम म्हणजे आम्ही करूं, तुम्हांला सोडून. कीकाट म्हणजे आपण करूं, तुम्ही आणि आम्ही मिळून. मराठी माणसाला हा भेद समजावयास कठीण नाहीं, कारण आम्ही आणि आपण हे दोन शब्द आपल्याजवळ आहेत. हिंदीच्या 'हम'मध्यें किंवा इंग्रजीच्या 'वी'मध्यें हा भेद नाहीं. परंतु मराठींत तो सर्वनामांत राहतो. आम्ही करूं आणि आपण करूं, यांत 'करूं' एकच. गोंडींत तो थेट क्रियापदाच्या शेवटांत आहे. उत्तरेकडील कांहीं बोलींत सर्वनामांतून हा भेद पुसट झाला आहे. माडियांच्या बाजूस मात्र तो अद्याप चांगला जिवंत आहे.

याचा व्यवहारांत काय परिणाम होतो पाहा. ग्रामसभेंत एखादा अधिकारी उभा राहतो आणि मराठींत म्हणतो, 'रस्ता करूं.' दुभाष्यानें 'ओम' हा शेवट लावला, तर लोक समजतील, कीं साहेबाचें खातें रस्ता करणार, आपण पाहावयाचें. त्यानें 'आट' लावला, तर लोक समजतील, कीं आपल्यालाही फावडें घेऊन जावयाचें आहे. साहेबानें दोहोंपैकीं कांहींच ठरवून म्हटलेलें नसतें. मराठींत कर्ता गाळून बोलण्याची सोय आहे, आणि सरकारी मराठींत ती फारच वापरली जाते. गोंडी मात्र ती सोय देत नाहीं. दुभाष्याला कोणती तरी एक बाजू धरावीच लागते. पुढें सहा महिन्यांनीं रस्ता होत नाहीं, आणि दोन्ही पक्ष एकमेकांना खोटें ठरवितात.

धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा हें गांव सर्वांना ठाऊक आहे. २००९ सालीं वनहक्क कायद्याखालीं गांवाच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्याची गणना होते. त्या गांवाची घोषणा 'मावा नाटे मावा राज' अशी आहे. 'नार' म्हणजे गांव, त्याचें 'गांवांत' हें रूप 'नाटे'. 'मावा' म्हणजे आमचें. आणि जेथें हा भेद पाळतात, तेथें तें ऐकणाऱ्याला वगळणारें 'आमचें' आहे. मराठींत या घोषणेचें भाषांतर 'आमच्या गांवांत आमचें राज्य' असें केलें जातें, तें अगदीं यथार्थ आहे. कोणीं सौजन्यानें 'आपल्या गांवांत आपलें राज्य' असें केलें, तर ऐकणारा वनाधिकारीही गांवकरी होऊन बसेल, आणि घोषणेंतला सारा जोर निघून जाईल.

नकाराची गोष्ट याहूनही नाजूक आहे. मराठी माणूस नकार ऐकण्यासाठीं 'नाहीं' या शब्दाची वाट पाहतो. वास्तविक आपल्याजवळही क्रियापदाच्या पोटांतला नकार आहे: मूल जेवेना, गाय चरेना, पाऊस थांबेना. परंतु तो विशेष प्रसंगीं वापरावयाचा, रोजच्या उत्तराला नव्हे. गोंडींत तोच रोजचा आहे. कीयोन म्हणजे मी करीत नाहीं, किंवा करणार नाहीं. कीवी म्हणजे तूं करीत नाहींस. कीयोर, तो करीत नाहीं. कीयो, ती करीत नाहीं. 'पुन्नोन' म्हणजे मला ठाऊक नाहीं. यांत काळाचा मणी शोधूं गेलें, तर तो सांपडत नाहीं. 'त' नाहीं, 'क' नाहीं. काळाची जागा रिकामी ठेवली, कीं तिच्यांत नकार येऊन बसतो. द्राविड भाषांचें हें जुनें कसब आहे. 'हिल्ले' असा स्वतंत्र शब्दही गोंडींत आहे, आणि परक्याला तोच प्रथम कळतो. पण प्रत्येक नकारांत तो असेलच, असा भरंवसा धरूं नये.

आतां दवाखान्यांतला प्रसंग डोळ्यांपुढें आणा. परिचारिका नवी आहे, वर्ध्याची किंवा अमरावतीची. तिनें चार गोंडी शब्द पाठ केले आहेत, त्यांत 'तिन' म्हणजे खाणें हा एक आहे. ती हातवारे करून विचारते, 'गोळ्या खातेस काय?' समोरची बाई हळूच उत्तर देते, 'तिन्नोन.' परिचारिकेला 'तिन' ऐकूं आलें, 'हिल्ले' ऐकूं आलें नाहीं. तिनें कागदावर 'घेते' असें लिहिलें. वस्तुतः बाईनें 'मी खात नाहीं' असें स्पष्ट सांगितलें होतें. 'तित्तान' म्हणजे खाल्लें आणि 'तिन्नोन' म्हणजे खात नाहीं. या दोहोंमधलें अंतर एका अक्षराचें आहे, आणि त्या एका अक्षरावर तापाचें औषध पोटांत गेलें कीं चुलींत गेलें, हें अवलंबून आहे. कचेरींतल्या जबाबाचीही हीच गत. 'तूं जंगलांत अमुक करतोस काय?' या प्रश्नाला 'कीयोन' असें उत्तर आलें, आणि लिहिणाऱ्याच्या कानानें त्यांतला 'की' तेवढा उचलला, तर नकाराचा कबुलीजबाब होण्यास वेळ लागत नाहीं. १९७३ सालीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथें डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं औषधांच्या जोडीनें माडिया बोलीही शिकून घेतली. तें केवळ सौजन्य नव्हतें; रोग्याचें उत्तर समजणें हा उपचाराचाच भाग आहे.

धातूला अगदीं चिकटून बसणारा आणखी एक मणी आहे, त्याचा उल्लेख करून टाकतों. 'तिन' म्हणजे खाणें. 'तिह' म्हणजे खाऊं घालणें. 'उन' म्हणजे पिणें. 'ऊह' म्हणजे पाजणें. शेवटचा 'ह' दुसऱ्याकडून क्रिया घडवितो. आपल्याकडे करणें-करविणें, पिणें-पाजणें अशी जी जोडी असते, तीच ही. आणि गंमत पाहा, स्वाहिली सारे मणी धातूच्या आधीं ओवते असें मघां म्हटलें, तरी हा मणी तीही मागेंच ठेवते: 'ला' खाणें, 'लिशा' खाऊं घालणें, 'सोमा' वाचणें, 'सोमेशा' शिकविणें.

कोणी म्हणेल, गोंडी एक कोठें आहे? प्रत्येक खोऱ्यांत निराळी. हें अर्धें खरें आहे. मिठाला एकीकडे 'सोवर' म्हणतात, दक्षिणेस आलें कीं 'होवर', आणि डोंगरी माडियांत 'ओवर'. 'देणें' हा धातु असाच कोठें 'सी', कोठें 'ही', कोठें नुसता 'ई'. म्हणजे वायव्येकडून आग्नेयेकडे येतां येतां शब्दाच्या आरंभींचा 'स' झिजत झिजत नाहींसा झाला आहे. परंतु झीज झाली ती शब्दाच्या तोंडाला; शेवटांची रचना बहुतांशीं जागच्या जागीं आहे. म्हणून परक्या गांवचा गोंड पहिले दोन दिवस अडखळतो, तिसऱ्या दिवशीं बोलूं लागतो. जिवती, कोरपना, राजुरा या बाजूच्या कोलामांची कोलामी मात्र गोंडीची बोली नव्हे. ती द्राविडच, पण वेगळी भाषा आहे; तिचें व्याकरण एमेनो नांवाच्या पंडितानें १९५५ सालीं प्रसिद्ध केलें. तथापि पुरुष एका बाजूस आणि बाकी जग दुसऱ्या बाजूस, ही वांटणी कोलामींतही आहे. तेव्हां 'बैल आली' म्हणणारें मूल कोलामाचें असूं शकतें, हें शिक्षकानें लक्षांत ठेवावें. सिरोंच्याकडील तेलुगु मुलांचा आणि कोरचीकडील छत्तीसगढी मुलांचा प्रश्न आणखी निराळा आहे, त्यांत आज शिरतां येणार नाहीं.

मोहगांव हें धानोरा तालुक्यांतीलच एक गांव. तेथील ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली. पुढें ती अनधिकृत ठरवून बंद करण्याची नोटीस आली, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेलें. कोणत्या माध्यमांतून शिकवावें, हा मोठा वाद आहे आणि तो मोठ्या जागीं चालला आहे. पण मराठी शाळेंतल्या शिक्षकाला त्याच्या निकालाची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. त्यानें एक मोठा कागद घ्यावा, त्यावर आडव्या सात ओळी आखाव्या, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभीं मराठी वाक्य लिहावें: मी आलों, तूं आलास, तो आला, ती आली, आणि याप्रमाणें पुढें. समोरचें गोंडी रूप स्वतः लिहूं नये, मुलांना विचारावें. एक मूल 'वातोर' म्हणेल, दुसरें 'वातूर' म्हणेल, तर दोन्ही लिहून घ्यावीं. चौथ्या ओळीपाशीं आलें, म्हणजे 'ती आली'च्या खालीं 'बैल आला' आणि 'पाऊस आला' हीं मराठी वाक्यें मुद्दाम घालावीं. समोर तेंच एक 'वाता' पुन्हा पुन्हा येऊं लागलें, कीं मुलें आपण होऊन विचारतात, कीं मराठींत हे दोन कां. नकाराचा रकाना शेवटीं ठेवावा. तो भरतांना एरवीं गप्प बसणारीं मुलेंसुद्धां बोलूं लागतात.